सर्वांचा नकाशा आणि कंपन्यांचें साहाय्य

नकाशा म्हटला कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें सरकारी कचेरी उभी राहते. तलाठ्याच्या दप्तरांतला गांवनकाशा, भूमापन खात्याचा तालुक्याचा नकाशा, शाळेच्या भिंतीवरील जिल्ह्याचा रंगीत नकाशा, हे सारे कोणीतरी वरून काढून दिलेले. पाहणाऱ्यानें ते पाहावे, पण त्यांत आपल्या हातानें एक रेघहि वाढवूं नये, असा त्यांचा रिवाज. गेल्या वीस-बावीस वर्षांत मात्र एक निराळ्याच जातीचा नकाशा जगांत तयार झाला आहे. तो कोणा सरकारचा नाहीं व कोणा एका व्यापाऱ्याचाहि नाहीं. ज्याला आपल्या गांवची वाट ठाऊक आहे असा कोणीहि मनुष्य ती वाट त्यांत दाखल करूं शकतो. त्याचें नांव ओपनस्ट्रीटमॅप. या सार्वजनिक नकाशाच्या कामांत आतां जगांतील मोठमोठ्या कंपन्या उतरल्या आहेत. त्यांच्या या साहाय्याचें स्वरूप काय, त्यापासून लाभ कोणते, धोके कोणते, आणि जळगांव-धुळ्यासारख्या प्रांतानें त्याकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

प्रथम थोडा मागील इतिहास पाहूं गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळते. भारतांतील शास्त्रशुद्ध मोजणीचा आरंभच मुळीं एका कंपनीच्या हातून झाला. सर्व्हे ऑफ इंडिया हें खातें १७६७ सालचें, आणि विल्यम लॅम्बटन यानें मद्रास येथें त्रिकोणमितीय मोजणीस प्रारंभ केला तो १८०२ सालीं. हीं दोन्ही कामें ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलांत झालीं. खानदेश १८१८ सालीं कंपनीच्या ताब्यांत आला, आणि पुढें शेतजमिनीची मोजणी करून सारा ठरविणारे अधिकारी येथें येऊन पोंचले. १८५२ सालीं सावदा, एरंडोल या भागांतील शेतकऱ्यांनीं या मोजणीस उघड विरोध केला. जमाव जमले, व ते पांगविण्यासाठीं सरकारला फौज आणावी लागली. शेतकऱ्यांचें वैर साखळीशीं नव्हतें. ती साखळी कोणाच्या हातीं आहे, मोजणीचा कागद कोणाच्या दप्तरांत जाणार आणि त्यावरून आपल्यावर काय बसणार, हें त्यांना ठाऊक होतें. आणि त्या कागदांत आपलें म्हणणें लिहिण्याची सोय नाहीं, हेंहि ठाऊक होतें. नकाशा कोण काढतो आणि कशासाठीं काढतो, हा प्रश्न त्यामुळें खानदेशाला नवा नाहीं.

ओपनस्ट्रीटमॅपचा उगम इंग्लंडांत झाला. तेथील सरकारी मोजणी खात्याचे नकाशे उत्तम, परंतु महाग, आणि ते वापरण्यावर अनेक निर्बंध. स्टीव्ह कोस्ट नांवाच्या तरुणानें २००४ सालीं असा विचार केला कीं, लोकांनींच आपापल्या भागाची माहिती गोळा करून एकत्र केली तर सर्वांना मुक्तपणें वापरतां येईल असा नकाशा कां होऊं नये? या कल्पनेंतून हें कार्य उभें राहिलें. त्याची व्यवस्था पाहणारी संस्था २००६ सालीं स्थापन झाली.

त्याची रचना समजण्यास कठीण नाहीं. या नकाशांत मुख्यतः तीन प्रकारच्या वस्तु असतात: बिंदु, रेषा आणि त्यांना एकत्र बांधणारे संबंध. एखादी विहीर किंवा बसथांबा हा बिंदु. गिरणा नदीचा प्रवाह ही रेषा. आणि धुळे जिल्ह्याची सीमा हा अनेक रेषा मिळून झालेला संबंध. प्रत्येक वस्तूवर ती काय आहे हें सांगणारी चिठ्ठी जोडलेली असते: रस्ता आहे, डांबरी आहे, त्याचें नांव अमुक आहे. कोणी केव्हां काय बदललें याची नोंद कायम राहते, आणि बदल चुकीचा ठरल्यास दुसरा कोणीहि तो दुरुस्त करूं शकतो. २०१२ सालापासून लागू असलेल्या परवान्याप्रमाणें ही माहिती कोणालाहि विनामूल्य वापरतां येते, अगदीं व्यापारासाठीं सुद्धां. अटी मुख्यतः दोन: तिचा उगम नमूद करावा, आणि तिच्यांत सुधारणा करून ती प्रसिद्ध केल्यास ती सुधारणाहि इतरांना त्याच अटींवर खुली ठेवावी.

धुळे जिल्ह्यांतील लोकांना अशी व्यवस्था परकी वाटण्याचें कारण नाहीं. पांझरा नदीच्या कांठीं कित्येक शतकें चालत आलेली फड पद्धति त्यांच्या परिचयाची आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यापासून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडांत एका हंगामांत एकच पीक. पाणी वांटावयास पाटकरी, पिकाच्या राखणीस जागल्या, आणि पाटाचा गाळ काढावयाचा तो सर्वांनीं मिळून. ज्याची जमीन अधिक त्यानें श्रमाचा किंवा पैशाचा वांटा अधिक उचलावा. परंतु तेवढ्यामुळें पाळी मोडून पाणी आपल्याकडे वळविण्याचा हक्क त्याला मिळत नसे. सार्वजनिक नकाशांत कंपन्यांचें स्थान कोणतें, हा प्रश्न जवळजवळ याच जातीचा आहे. मोठ्या खातेदारानें बंधाऱ्याला दगड दिला तर तो आनंदानें घ्यावा. मात्र पाटाची राखण गांवाकडेच असावी.

कंपन्यांनीं दगड दिले, यांत शंका नाहीं. २००६ सालीं याहू कंपनीनें आपलीं आकाशांतून घेतलेलीं छायाचित्रें नकाशा काढणाऱ्यांना वापरूं दिलीं. छायाचित्रावरून रस्ता गिरविण्याची सोय झाल्यामुळें प्रत्येक वाट पायीं तुडविण्याची आवश्यकता राहिली नाहीं. २००७ सालीं ऑटोमोटिव्ह नॅव्हिगेशन डेटा या डच कंपनीनें नेदरलंड्स देशाच्या साऱ्या रस्त्यांची माहिती दान केली, आणि तिच्याबरोबर भारत व चीन या देशांतील प्रमुख मार्गांचीहि दिली. २०१० च्या जानेवारींत हैती देशांत भयंकर भूकंप झाला, तेव्हां उपग्रह-छायाचित्रांच्या कंपन्यांनीं ताजीं चित्रें खुलीं केलीं, आणि जगभरच्या स्वयंसेवकांनीं थोड्याच दिवसांत तेथील राजधानीचा नकाशा तयार करून मदतपथकांच्या हातीं दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनेंहि आपलीं छायाचित्रें या कामाला वापरूं दिलीं.

पुढें या साहाय्याचें रूप पालटलें. छायाचित्रें देऊन थांबण्याऐवजीं कंपन्यांनीं पगारी माणसें नेमून थेट नकाशांत नोंदी करण्यास आरंभ केला. ॲपल, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, मॅपबॉक्स, आग्नेय आशियांतील ग्रॅब अशा अनेक कंपन्यांचीं पथकें या कामांत उतरलीं. फेसबुकनें तर उपग्रहचित्रांतून रस्ता ओळखणारें यंत्र वापरलें. यंत्रानें रेघ सुचवावी आणि माणसानें ती तपासून नकाशांत घालावी, अशी त्याची रीत. थायलंड देशांत या रीतीनें अठरा महिन्यांत ३ लाख मैलांहून अधिक रस्ते नोंदविल्याचें त्या कंपनीनें २०१९ सालीं जाहीर केलें. हौसेनें काम करणाऱ्या मंडळींना तेवढ्या अवकाशांत तें साधलें नसतें.

या कंपन्या हें कशासाठीं करितात? त्यांत धर्मादाय नाहीं आणि कपटहि नाहीं. त्यांत हिशोब आहे. साऱ्या पृथ्वीचा नकाशा एकट्यानें काढणें व तो ताजा ठेवणें अतिशय खर्चाचें काम आहे. घरपोंच माल पोंचविणाऱ्या कंपनीला गल्लीचें तोंड कोठें आहे हें कळावें लागतें. गाडी भाड्यानें देणाऱ्या कंपनीला रस्ता एकेरी आहे कीं दुहेरी हें समजावें लागतें. तेव्हां सर्वांच्या नकाशांत आपली भर घालावी आणि इतरांनीं घातलेली भर आपण वापरावी, हा सरळ व्यवहार आहे. या व्यवहाराचें मोल कळण्यासाठीं दुसरें उदाहरण पाहावें. गूगल कंपनीनें २००८ सालीं मॅप मेकर नांवाची योजना काढली होती. तींतहि लोक आपल्या गांवचे रस्ते, देवळें, शाळा नोंदवीत, आणि भारतांतील हजारों लोकांनीं तें काम मोठ्या हौसेनें केलें. परंतु त्या साऱ्या नोंदी कंपनीच्या कोठारांत जात. लोकांना त्या उचलून दुसऱ्या कामीं मुक्तपणें वापरण्याची मुभा नव्हती. २०१७ सालीं कंपनीनें ती योजना बंद केली. म्हणजे एका ठिकाणीं लोक कंपनीच्या विहिरींत पाणी ओततात, आणि दुसऱ्या ठिकाणीं कंपनी गांवच्या पाटांत पाणी सोडते. खुल्या परवान्यामुळें हा भेद निर्माण झाला आहे, आणि तो परवाना टिकला तरच हा भेद टिकणार आहे.

आतां खानदेशाकडे वळूं गेल्यास या साहाय्याची मर्यादा स्पष्ट दिसूं लागते. दूरच्या शहरांतील खोलींत बसून, आकाशांतून घेतलेल्या चित्रावरून, तापी-खोऱ्याचा नकाशा काढणाऱ्या माणसाला काय दिसेल? राष्ट्रीय महामार्ग दिसेल, भुसावळची आगगाडीची मोठी वसाहत दिसेल, जळगांव व धुळें शहरांतले रस्ते दिसतील. परंतु उन्हाळ्यांत काढलेल्या चित्रांत कोरडा पडलेला नाला पांढऱ्या वाटेसारखा दिसतो. यंत्रानें त्यालाच रस्ता समजण्याचा संभव असतो. रावेर-यावलच्या केळींच्या बागांत खरी पाऊलवाट पानांखालीं झांकून जाते. काळ्या जमिनींतली जी गाडीवाट चैत्रांत दगडासारखी टणक असते, तींतच श्रावणांत बैल गुडघाभर रुततात. चित्रांत मात्र ती बारमाही रस्त्यासारखी शोभते. फरशी पुलावरून पुराचें पाणी गेलें म्हणजे पलीकडच्या गांवाचा संबंध तुटतो, हें छायाचित्र सांगत नाहीं. शेतांतून जाणारी वाट सार्वजनिक पाणंद आहे कीं कोणाच्या खाजगी मालकीची, हें तर आकाशांतून कळण्याचा संभवच नाहीं. तें शेजारच्या शेतकऱ्यालाच विचारावें लागतें.

नांवांची अडचण याहून मोठी आहे. बुद्रुक आणि खुर्द यांतला भेद ज्याला माहीत नाहीं तो दोन गांवांची अदलाबदल करील. धुळे जिल्ह्यांत शिरपूर आहे, तसें वाशीम जिल्ह्यांतहि आहे. जळगांव हें जिल्ह्याचें ठिकाण आहे, तसें बुलढाणा जिल्ह्यांत जळगांव जामोद आहे. एदलाबादचें मुक्ताईनगर झालें, पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं जुनें नांव अजूनहि येतें. अहिराणी, लेवा बोली, भिली आणि पावरी या बोलींत एकाच ठिकाणाचे उच्चार निरनिराळे होतात. इंग्रजी अक्षरांवरून मराठी नांव बनवूं पाहणाऱ्याला ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांतला फरक कळावा कसा? सार्वजनिक नकाशाची एक थोर सोय अशी कीं, त्यांत मराठी नांव, इंग्रजी नांव, जुनें नांव आणि लोकांच्या बोलण्यांतलें नांव यांना स्वतंत्र जागा आहेत. परंतु त्या जागा भरणारा मनुष्य तेथलाच असावा लागतो.

हीच गोष्ट बदलांची. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढें जळगांव व धुळे या नांवांनीं प्रसिद्ध झाले. १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार वेगळा निघाला. २०१० सालीं महामार्गांचे क्रमांक नव्यानें ठरले, तेव्हां सुरतेहून धुळें-जळगांवमार्गें नागपुराकडे जाणारा ६ क्रमांकाचा रस्ता ५३ क्रमांकाचा झाला. धुळ्याहून नाशिकाकडे जाणाऱ्या मार्गाला ६० आणि शेंधव्याकडे जाणाऱ्या मार्गाला ५२ हा क्रमांक मिळाला. एकदां दान केलेली माहिती अशा बदलांबरोबर आपोआप बदलत नाहीं. पाटांत जसा दरवर्षीं गाळ साचतो तशी नकाशांतली माहिती दरवर्षीं शिळी होते, आणि गाळ काढणारे हात जवळपासचेच लागतात.

दुसरा प्रश्न लक्ष कोठें जातें याचा आहे. जेनिंग्ज अँडरसन, दिप्तो सरकार आणि लेसिया पॅलेन या संशोधकांनीं २०१९ सालीं कंपन्यांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत या पथकांचा भर प्रामुख्यानें रस्त्यांवर असल्याचें दिसून आलें. हें स्वाभाविकच आहे. कंपनीची गाडी रस्त्यानें धांवते. परंतु गांवाचें जीवन रस्त्यापुरतें नसतें. हातपंप कोठें आहे, आरोग्य उपकेंद्र कोणत्या वस्तींत आहे, आश्रमशाळेची वाट कोणती, पुरांत उंचावरची जागा कोणती, या गोष्टींत कोणाचा व्यापार नाहीं, आणि म्हणून त्या मागें पडतात. चोपडा व शिरपूर तालुक्यांच्या उत्तरेस सातपुड्याच्या कुशींत जे पाडे विखुरलेले आहेत, तेथें घरें एकमेकांपासून दूर दूर असतात, आणि एका गांवाच्या नांवाखालीं अनेक पाडे मोडतात. तेथल्या कोणा माणसाला रात्रीं सर्पदंश झाला आणि १०८ क्रमांकावर फोन गेला, तर गाडी हांकणाऱ्याला नुसतें गांवाचें नांव पुरत नाहीं. कोणता पाडा, आणि नाल्याच्या अलीकडचा कीं पलीकडचा, हें कळावें लागतें. जो पाडा कोणत्याच नकाशांत नाहीं, तेथें पोंचण्यास होणारा उशीर त्या रोग्याच्या वांट्यास येतो.

तिसरा प्रश्न कारभाराचा. ओपनस्ट्रीटमॅपची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेंत कंपनीला कंपनी म्हणून मत नाहीं. मत आहे तें सभासद झालेल्या व्यक्तींना. परंतु २०१८ सालीं निवडणुकीच्या तोंडावर भारतांतील एकाच कंपनीच्या सुमारें शंभर नोकरांचे सभासदत्वाचे अर्ज एकदम आले. त्यावरून संस्थेंत पुष्कळ चर्चा व चौकशी झाली, आणि एका मालकाच्या हाताखालील माणसें एकत्र येऊन कारभार ताब्यांत घेऊं शकतील काय, हा प्रश्न सर्वांपुढें उभा राहिला. त्याच वर्षीं संस्थेनें संघटित रीतीनें काम करणाऱ्यांसाठीं मार्गदर्शक नियम मंजूर केले. त्यांचा आशय असा कीं, पगारी पथकांनीं आपण कोण, कोणत्या प्रदेशांत, कोणत्या साधनांवरून, काय काम करणार हें आधीं जाहीर करावें. तेथील स्थानिक मंडळींशीं बोलावें. आणि तक्रार आल्यास उत्तर द्यावें. पुढें २०२२ सालीं ॲमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनीं ओव्हर्चर नांवाची स्वतःची संस्था काढली. ती सार्वजनिक नकाशांतली माहिती घेऊन तींत इतर ठिकाणची माहिती मिसळते आणि तो साठा खुला करते. यापुढें कंपन्या आपली भर मूळ नकाशांत घालतील कीं आपल्या साठ्यांत, याकडे जाणत्यांचें लक्ष लागलेलें आहे.

अशा स्थितींत खानदेशानें काय करावें? कंपन्यांना दूर ठेवणें शक्य नाहीं व इष्टहि नाहीं. त्यांनीं काढलेल्या रेघा पुष्कळ अंशीं उपयोगाच्या असतात. परंतु ती रेघ अर्धें काम आहे, आणि उरलेलें अर्धें येथल्या रहिवाशांनीं केलें पाहिजे. कायद्याची वाटहि पूर्वींपेक्षां मोकळी झाली आहे. भारत सरकारनें १५ फेब्रुवारी २०२१ रोजीं काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें भारतीय व्यक्तींना व संस्थांना नकाशे तयार करण्यासाठीं पूर्वपरवानगीची गरज राहिली नाहीं. मात्र संवेदनशील स्थळांसंबंधीं निर्बंध आहेत, व ते पाळलेच पाहिजेत. ज्या जिल्ह्यांत भुसावळ व वरणगांव येथें शस्त्रसामग्रीचे कारखाने आहेत, तेथें हें विशेष ध्यानांत ठेवावें. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेंतील रस्त्यांची माहितीहि २०२२ सालीं सरकारनें खुली केली. ती ताडून पाहण्यास उपयोगी पडते.

प्रत्यक्ष काम साधें आहे. महाविद्यालयांतील भूगोलाच्या विद्यार्थ्यांनीं एकेक गांव वांटून घ्यावें. हातांत फोन घेऊन शिवार फिरावें. कंपनीच्या पथकानें काढलेला रस्ता खरोखर आहे काय, पावसाळ्यांत चालतो काय, हें पाहावें. वस्तीचें नांव तेथल्या म्हाताऱ्या माणसास विचारून देवनागरींत लिहावें. शाळा, दवाखाना, पाणवठा यांची नोंद करावी. दुसऱ्या कोणाच्या मालकीच्या नकाशावरून नक्कल मात्र करूं नये, कारण त्यामुळें सर्वांचा नकाशा कायद्याच्या अडचणींत येतो. रेघ चुकीची आढळली तर ती दुरुस्त करून, ज्या पथकानें ती काढली त्याला कारणासह कळवावें. जमिनीवर जें आहे तेंच नकाशांत असावें, असा या कार्याचा मूळ दंडक आहे. आणि त्या दंडकापुढें पगारी नोकर व शाळकरी मुलगा यांची योग्यता सारखीच आहे.

१८५२ सालच्या शेतकऱ्याला मोजणीच्या कागदावर एक अक्षरहि लिहितां येत नव्हतें. त्याच्या आजच्या वारसाला तें लिहितां येतें. कंपनीच्या पथकानें सातपुड्याच्या पायथ्याशीं एक बिननांवाची रेघ काढून ठेवलेली असेल. ती कोणत्या पाड्याला जाते, आणि भर पावसांत तेथें गाडी पोंचते कीं नाहीं, एवढें त्या रेघेपुढें लिहावयाचें आहे. तें लिहिण्याइतकी माहिती त्या पाड्यावरच्या माणसांपाशींच आहे.